नागपुरात डिम सम आणि कँटोनीज जेवण: कुठे जावं?

रसिका_त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. भाऊ हाँगकाँगला असतो, वहिनी तिकडचीच. पुढच्या महिन्यात दोघं नागपूरला येऊन राहिले आणि या खेपेला वहिनीची आईही सोबत आहे. मावशी भारतात पहिल्यांदाच येताहेत. वरण-भात, पोळी-भाजी त्या आवडीनं खातील, पण सावजी त्यांना झेपणार नाही. रविवारी सकाळी सगळ्या घरानं मिळून चहा आणि डिम सम, म्हणजे वाफवलेले छोटे छोटे चिनी पदार्थ, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्यांच्या मुक्कामात एक तरी रविवार तसा व्हावा असं मला फार वाटतं. आपल्याकडे धड कँटोनीज कुठे मिळतं? माझी आई शाकाहारी आहे, बाकी कोणाला काही वर्ज्य नाही. मोमो नकोत, ते आम्ही नेहमी खातो.

बर्डीवाला
ताई, मोमो वगळा, पण कमी लेखू नका. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिकडे कधी गेलात तर मोमो आणि थुक्पा नक्की खा. कँटोनीज नाही, पण पाहुण्यांना फिरवायला जागा छान आहे. सोबत नवेगावबांधही होऊन जाते.

सदरकर
रसिकाताई, किटलीभर चहा आणि एकामागून एक येणाऱ्या बांबूच्या टोपल्या, असं ठिकाण मला तरी नागपुरात आढळलं नाही. सदर, धरमपेठ, वर्धा रोड, सगळीकडे मेन्यूवर डिम सम लिहिलेलं दिसतं. मी खाल्ले त्यातले बरेच म्हणजे मोमोच, फक्त घडी वेगळी. त्यामुळे एखादं नाव सांगून तुम्हाला पाठवण्यापेक्षा पारखायचं कसं ते सांगतो.

आधी फोन करा आणि विचारा, हार गाव मिळतो का आणि त्याची पारी तुमच्याच किचनमध्ये होते का. हार गाव म्हणजे झिंग्याचा डिम सम, आणि खवय्ये किचनची परीक्षा त्याच्यावरच घेतात. पारीत मैदा नसतो. गव्हाचा स्टार्च आणि थोडा टॅपिओका स्टार्च एकत्र करून त्यावर उकळतं पाणी ओततात, आपण मोदकाची उकड काढतो तसं. वाफवल्यावर पारीतून आतला गुलाबी झिंगा दिसायला हवा. चॉपस्टिकनं उचलताना ती फाटता कामा नये, टोपलीला चिकटता कामा नये, आणि झिंगा दाताखाली कुरकुरीत लागला पाहिजे. गार झाली की पारी वातड होते, म्हणून पार्सल अजिबात मागवू नका.

सिऊ माय वरून उघडा असतो, आत डुकराचं मांस आणि झिंगा. आपल्याकडे तो बहुतेक चिकनचाच मिळेल. चार सिऊ बाओची, म्हणजे भाजलेलं गोडसर पोर्क भरून वाफवलेल्या पावाची, अपेक्षा ठेवू नका. शियाओलाँगबाओ, म्हणजे आत सूप असलेला डिम सम, दिसला तर खा, पण तो शांघायकडचा, मावशींच्या रोजच्या टेबलावरचा नाही.

जेवणाचं म्हणाल तर वर्धा रोडवरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात आदल्या दिवशी जाऊन शेफशीच बोला. सात-आठ जणांचं टेबल असलं तर ते मनावर घेतात. अख्खा मासा आलं घालून नुसता वाफवायचा, वर पातीचा कांदा, त्यावर कडकडीत तेल आणि शेवटी हलका सोया सॉस. ना कॉर्नफ्लोअर, ना लाल मिरची. कँटोनीज स्वयंपाकाचा सगळा भर ताजेपणावर, त्यामुळे मसाला घातला की चव गेलीच. मरळ मिळाली तर उत्तम. ती ग्वांगडाँगकडे, म्हणजे कँटोनीज लोकांच्या प्रांतातही खातात आणि तिला काटे कमी. आपल्याकडच्या मेन्यूत कँटोनीज नूडल्स म्हणून पांढऱ्या ग्रेव्हीतला जो पदार्थ असतो तो सौम्य असतो, तुमच्या आईंना चालेल. फक्त ऑयस्टर सॉस (कालवांचा असतो) घालू नका म्हणून बजावून सांगा. भाजीच्या डिशमध्येही तो सर्रास पडतो.

रसिका_त्रिमूर्तीनगर
सदरकर, मनापासून आभार. शेफशी बोलायचं सुचलंच नव्हतं. मावशी स्वतः सुगरण आहेत, वहिनी म्हणते घरी करायलाही त्या तयार होतील. पण हा गव्हाचा स्टार्च नागपुरात मिळेल का?

कुरडईवाली_काकू
अगं, गव्हाचा स्टार्च म्हणजे आपण कुरडयांना काढतो तो चीकच की! गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा. वरचं पाणी ओतून दे आणि तळाचा पांढरा चीक ताटात पसरून कडक उन्हात वाळव. पाणी बदलायचा कंटाळा केलास तर आंबूस वास राहतो आणि झिंग्यासोबत तो मुळीच खपत नाही. सध्या ऊन नाही, तेव्हा सरळ ऑनलाइन मागव. टॅपिओका स्टार्चही तिथेच मिळतो.

मी घरी केलेत. शंभर ग्रॅम स्टार्चला तीस-चाळीस ग्रॅम टॅपिओका, चिमूटभर मीठ, पाणी खळखळ उकळतं हवं. लगेच झाकून पाच मिनिटं ठेव, मग चमचाभर तेल घालून गरम असतानाच मळ. गोळा ओल्या फडक्याखाली ठेव, उघडा राहिला की कडा तडकतात. लाटण्याऐवजी सुरीच्या रुंद पात्याला तेल लावून गोळी दाबायची, पारी गोल आणि पातळ होते. सारणात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, बारीक चिरून घाल, सध्या बाजारात येऊन राहिले आहेत. आधी उकडून पाणी फेकून दे म्हणजे कडवटपणा जातो. पाच-सहा मिनिटांत वाफवून होतात.

आईसाठी मुळ्याचा लो बाक गो कर. किसलेला मुळा शिजवून तांदळाच्या पिठात कालवायचा, वाफवायचा, गार झाला की वड्या कापून तव्यावर दोन्हीकडून खरपूस भाजायच्या. मूळ कृतीत सुके झिंगे आणि सॉसेज असतं, त्याऐवजी मशरूम घाल. शेजारच्यांनाही दे, संपतो बघ.

हावडा_मेल
पाहुणे फिरणार असतील तर कोलकात्याचा विचार करा, नागपूरहून थेट गाड्या आहेत. पोद्दार कोर्टाजवळच्या टिरेटा बाजारात पहाटेच चिनी नाश्ता लागतो, रविवारी जास्त. सिऊ माय, पोर्क बाओ, फिश बॉल सूप. साडेआठला पोचलात तर बरंचसं संपलेलं असतं. जवळच १९०५ चं सी इप मंदिर आहे, तिथल्या कँटोनीज लोकांचं. कोलकात्यातलंच टांगरा वेगळं, ते हक्का या दुसऱ्या चिनी समाजाचं. चामड्याच्या कारखान्यांमागून तिथे हॉटेलं आली आणि आपण ज्याला चायनीज म्हणतो ते बरंचसं त्या वळणाचं आहे. मावशींसाठी टिरेटाच बघा.
मुंबईहून विमान असेल तर बीकेसीतलं याउआचा रेस्टॉरंट बघा. २०११ पासून आहे, महाग आहे, पण हार गाव नीट मिळतो आणि शाकाहारी डिम समही भरपूर.

रसिका_त्रिमूर्तीनगर
परतीचं विमान मुंबईहूनच आहे, म्हणजे याउआचा नक्की. इथला रविवार घरीच करते. आता झिंगे कुठून घेऊ? समुद्राचे आपल्याकडे ताजे कुठले मिळायला?

सदरकर
मंगळवारी नावाच्या बाजारात सकाळी लवकर जाऊन बघा. वास जरा जरी शंकास्पद वाटला तर नका घेऊ, चांगल्या कंपनीचे फ्रोझन बरे, सोललेले पण न शिजवलेले. रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या. मग चिमूटभर खायचा सोडा लावून अर्धा तास ठेवा आणि वाहत्या गार पाण्याखाली खळखळून धुवा. फडक्यानं अगदी कोरडे करा, ओलसर राहिले तर पारी फुटते. कुरकुरीतपणा यातूनच येतो. आणि चहा दूध-साखरेचा नको, पु-अर किंवा जास्मिन मागवून ठेवा.