रिमलेस कमोड घ्यावा का? टाकी जुनी, भांडं नवं

ओली_फरशी:
बाथरूमचं काम काढलंय. भिंतीतली टाकी (कन्सील्ड सिस्टर्न) व्यवस्थित चालते, ती तशीच ठेवून फक्त वॉल हंग (भिंतीला टांगलेलं) भांडं बदलायचं आहे. सफाई सोपी म्हणून रिमलेस बघतोय, पण पाणी बाहेर उडतं अशीही तक्रार कानावर येते. खरं काय? टाकी पूर्ण फ्लशला ९ लिटर सोडते. बोल्टमधलं अंतर १८० मिमी आहे.

ओळंबा:
सफाईचा फायदा खराच. जुन्या पद्धतीच्या भांड्यात वरच्या कडेला आतून पोकळी असते आणि तिच्या भोकांतून पाणी खाली येतं. त्या भोकांत क्षार धरतात. भोकं बुजली की तेवढ्या पट्ट्यात पाणी पोचत नाही, आणि ब्रश तिथे वळत नाही. रिमलेसला ही पोकळीच नाही. मागे एक तोंड असतं, तिथे पाणी दोन भागांत फुटतं, डाव्या-उजव्या कडेच्या पायरीवरून धावतं आणि पुढे नाकापाशी, म्हणजे भांड्याच्या पुढच्या टोकाशी, एकत्र येऊन खाली पडतं. सगळी गोम तिथेच आहे. जोर जास्त असला की दोन्ही धारा समोरासमोर आपटून कडेवरून बाहेर येतात. कमी पडला की नाकाजवळची चार बोटं जागा कोरडी राहते आणि डाग तसेच राहतात.

तुमच्याकडे अडचण ९ लिटरची आहे. हल्लीची बरीचशी रिमलेस भांडी पूर्ण फ्लशला ४.५ किंवा ६ लिटर धरून बनवलेली असतात. भांड्याच्या कागदावर किती लिटर लिहिलंय ते बघा आणि टाकी तेवढ्यावर आणता येते का ते आधी तपासा. येत नसेल तर टाकीतला फ्लश व्हॉल्व्ह बदलावा लागेल. तोही मिळत नसेल तर रिमलेसचा नाद सोडा, साधं भांडं त्या टाकीवर जास्त सुखाने चालेल. आणि कोणी टाकीऐवजी थेट पाइपलाइनच्या दाबावर चालणारा फ्लश व्हॉल्व्ह सुचवला, तर भांड्याच्या कंपनीने तशी परवानगी लिहून दिली असेल तरच घ्या.

पाना_पक्कड:
वरचं बरोबर आहे, पण लिटर आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी उडतंय म्हटलं की लोक फ्लोट (टाकीतली पातळी ठरवणारा तरंगता भाग) खाली करून मोकळे होतात. उडणं थोडं कमी होतं, पण मैला पुढे ढकलायला पाणी पुरत नाही. आधी लिटर भांड्याच्या कागदाप्रमाणे लावा, मग जोर बघा. बऱ्याच टाक्यांत फ्लश व्हॉल्व्हच्या बुडाशी पाणी आवळायची कडी (थ्रॉटल) असते. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, बटणाची प्लेट, आतलं झाकण आणि दांडे काढा, व्हॉल्व्ह मोकळा करून वर उचला. कडी एकच घर आवळा, परत बसवा आणि फ्लश करून बघा. घाईने तीन घरं आवळली की नाक कोरडं.

उडणं एकाच बाजूला असेल तर कडीला हातही लावू नका. तिथे भांडं कललेलं असतं, नाहीतर फ्लशचा पाइप तोंडात तिरका बसलेला असतो. लेव्हल आडवी आणि उभी, दोन्हीकडून लावा.

बसवताना चुकतं ते बहुतेक पाइप कापण्यात. मागे दोन पाइप येतात, फ्लशचा साधारण ४५ मिमीचा आणि मैल्याचा ९० मिमीचा. लांब राहिले तर भांडं भिंतीला टेकत नाही, आखूड पडले तर वॉशरमध्ये पुरते शिरत नाहीत आणि भिंतीमागे पाणी झिरपत राहतं. कापलेली कड कानशीने गोल करा, रबराला साबणपाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. तेल नको, रबर फुगतं. भिंत आणि भांडं यांच्यामध्ये फोमची शीट हवीच. नट एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे आवळा. एकच बाजू करकचून आवळली की चिनीमातीला तडा.

क्षारशत्रू:
रिमलेसला ब्रश लागतच नाही ही निव्वळ जाहिरात. मागचं तोंड उरतंच, आणि कठीण पाणी असेल तर पहिला थर तिथेच बसतो. थर जमला की धार एका बाजूला झुकते, मग लोक फिटिंगला दोष देतात. सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवा, टिश्यू त्यात भिजवून तोंडाला आतून चिकटवा, अर्ध्या तासाने ब्रश मारा. उकळतं पाणी ओतू नका. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र तर कधीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

कडेला अडकवायच्या सुगंधी वड्या विसरा. नेहमीचा हुक पाण्याच्या वाटेत आडवा येतो आणि धार तिथूनच बाहेर फेकली जाते. आत चिकटणारी जेलची टिकली चालते.

ओली_फरशी:
टाकीवर ६ लिटरचं घर सापडलं. अर्धा फ्लश ३ वर ठेवला तर चालेल? भांड्यापासून उभ्या पाइपपर्यंत आडवी लाइन चार मीटर आहे.

ओळंबा:
लघवीसाठी ३ पुरे. शौचाला मात्र पूर्ण ६ च वापरा, ४.५ पर्यंत उतरू नका. चार मीटरच्या आडव्या लाइनीत पाणी कमी पडलं की मैला मध्येच बसतो, पाणी त्याला वळसा घालून निघून जातं आणि कागद साठत जातो. जिथे पाइप उघडा आहे तिथे लेव्हल लावा. १०० मिमीच्या पाइपला मीटरमागे १ ते २ सेंमी उतार हवा. त्याहून कमी निघाला तर भांडं चढवण्याआधी लाइन नीट करा.