कोलेस्टेरॉलनं पेशीचं मेंब्रेन (आवरण) घट्ट होतंय का पातळ? नक्की काय लिहू?

रंकाळ्यावरचा_कट्टा: बीएस्सी दुसरं वर्ष, परवा इंटर्नल. नोट्समध्ये एका ओळीत कोलेस्टेरॉल मेंब्रेनची फ्लुइडिटी (पातळपणा) कमी करतं आणि पुढच्याच ओळीत वाढवतं असं लिहिलंय. सरांना विचारलं तर म्हणाले दोन्ही लिही, मार्क मिळतील. खरं काय? आणि फॅटी अॅसिडमधल्या डबल बाँडनं मेंब्रेन पातळ का होतंय तेही सांगा.

लोळलेला_ऊस: भावा, थंडीत मटणाचं पातेलं रात्रभर कट्ट्यावर राहिलं की सकाळी वर पांढरी चरबी थिजलेली असती बघ, चमच्यानं खरवडायला लागती, आणि शेजारच्या बाटलीत शेंगतेल मात्र आरामात हलतंय. चरबीत सॅच्युरेटेड, म्हणजे डबल बाँड नसलेल्या फॅटी अॅसिडच्या शेपट्या जास्त, त्या सरळ, गच्च बसतात. ट्रॉलीत सरळ ऊस कसा चापून बसतो, आणि लोळलेला वाकडा भरला की मधे पोकळ्याच पोकळ्या. सिस डबल बाँड (साखळी एकाच अंगाला वळवणारा) म्हणजे तो बाक, तेलात तो जास्त. स्टिअरिक (सॅच्युरेटेड) आणि ओलिक (एक डबल बाँडवालं) अॅसिड, दोन्हीत कार्बन 18च, पण पहिलं 69 अंशाला वितळतं न् दुसरं 13 च्या आसपास, एका बाँडचा फरक!!

पेठेतला_पेशी: उदाहरण झ्याक, फक्त चरबी-तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड (तीन शेपट्यांचं), मेंब्रेनमध्ये फॉस्फोलिपिड (एक डोकं, दोन शेपट्या) असतात, शेपटीचं गणित मात्र तेच. आता कोलेस्टेरॉल. तुझ्या दोन्ही ओळी बरोबर आहेत, 'कधी' तेवढं गाळलंय. गरम असताना शेपट्या वळवळत असतात, त्याच्या कडक रिंगा त्यांना धरून ठेवतात म्हणून घट्ट. गार झालं की तेच मधे घुसून त्यांना गच्च बसू देत नाही, म्हणून थिजत नाही. डीपीपीसी या सॅच्युरेटेड फॉस्फोलिपिडचं नुसतं बायलेयर (दुहेरी थर) 41 अंशाखाली थिजून जेल होतं, त्यात भरपूर कोलेस्टेरॉल घातलं की तो ठळक टप्पाच पुसला जातो.

रंकाळ्यावरचा_कट्टा: आयला, एवढंच होतं व्हय! मग ई. कोलाय बॅक्टेरियात तर कोलेस्टेरॉल नसतंय, ते थंडीत काय करतंय?

पेठेतला_पेशी: शेपट्याच बदलतं, गार पडलं की अनसॅच्युरेटेड वाढवतं. 1974 ला सिनेन्स्की या शास्त्रज्ञानं त्याला होमिओव्हिस्कस अॅडाप्टेशन (फ्लुइडिटी सारखी राखणं) नाव दिलं. आणि फ्लुइडिटीवरच थांबू नको, लिपिडचा आकारपण लिही: पीसी (फॉस्फॅटिडिलकोलिन) सिलिंडरसारखं म्हणून सपाट थर, पीईचं (फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन) डोकं बारकं म्हणून थराला बाक आणतंय, आणि लायसोलिपिडला शेपटी एकच, त्याचा मायसेल (शेपट्या आत घेतलेला गोळा) होतो.

रंकाळ्यावरचा_कट्टा: पेपरात ट्रॉली लिहिली तर चालेल का?

लोळलेला_ऊस: ट्रॉली नको, आकृती काढ. बाक नीट दाखव.