डिस्प्ले घरी बदलणं हा मूर्खपणा नाही

खटपट्या: काल इथे एकाने लिहिलं, "घरी डिस्प्ले बदलला, आता स्क्रीन काळी, फोन नुसता थरथरतो. ज्याचं काम त्यानेच करावं." अहो, थरथरतो म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड जिवंत आहे! बॅटरीचा कनेक्टर काढा, मग डिस्प्लेचा फ्लेक्स, म्हणजे बोर्डाला जोडणारी पातळ केबल, काढून पुन्हा बसवा. एक कोपरा वर राहिला तरी चित्र येत नाही. एलसीडी, म्हणजे मागून उजेड (बॅकलाइट) लागणारी स्क्रीन, असेल तर अंधारात टॉर्च तिरका धरा. पुसट आयकॉन दिसले तर फक्त बॅकलाइट गेलाय. लोकांना उगाच घाबरवू नका.

नीट_बघा: "फक्त" बॅकलाइट? बॅटरी जोडलेली असताना फ्लेक्स लावला की बॅकलाइटचा फिल्टर, बोर्डावरचा इवलासा भाग, उडू शकतो. तो मायक्रोस्कोपखाली सोल्डर कोण करणार, तुम्ही?

खटपट्या: बॅटरी आधी काढा असंच लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या.

संध्याछाया: माझ्या भावाने आयफोनचे स्क्रू मिसळले. लांबीतला फरक डोळ्याला दिसतही नाही. लांब स्क्रू आखूड भोकात गेला, बोर्डातले ट्रेस, म्हणजे वीज वाहणाऱ्या बारीक रेषा, तुटले, फोन कायमचा गेला. सोपं आहे म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो.

सुटाभाग: स्क्रूचं काय घेऊन बसलात, कंपनीची अडवणूक बघा. दुसऱ्या आयफोनचा अस्सल डिस्प्ले लावला तरी आयफोन ११ पासून 'अस्सल असल्याची खात्री नाही' असा इशारा झळकायचा, आजूबाजूच्या उजेडानुसार रंग जुळवणारा ट्रू टोन गायब. १३ मध्ये तर डिस्प्ले बदलला की चेहरा ओळखून फोन उघडणारा फेस आयडीच बंद. २०२१ मध्ये ओरड झाली तेव्हा कुठे आयफोनच्या आयओएस १५.२ या अपडेटमध्ये ते सुधारलं.

नीट_बघा: चोरीच्या फोनचे भाग विकले जातात, त्याला आळा नको?

सुटाभाग: मग चोरीचेच अडवा ना! आयओएस १८ मध्ये तेच केलं, मालकाच्या खात्याने लॉक असलेल्या फोनचे भाग ओळखले जातात. आधी सगळ्यांनाच का चोर ठरवलं?

नीट_बघा: बरं, ती अडवणूक मलाही पटत नाही. स्क्रूबद्दल मात्र संध्याछायांचंच खरं.

काळीस्क्रीन: कालची पोस्ट माझीच. फ्लेक्स पुन्हा बसवला, चित्र आलं. पण वरच्या भागात आपोआप टच होतोय.

खटपट्या: चिकटवू नका अजून! पॅनेल चौकटीतून किंचित उचलून बघा. टच थांबला तर फ्लेक्स दबतोय किंवा चिमटलाय. नाही थांबला तर पॅनेलच खराब असणार.

नीट_बघा: आणि तसं असेल तर आत्ताच परत करा. गोंद लागल्यावर कोणी घेत नाही.