'कोझी मिस्टरी'ला मराठीत काय म्हणाल? 'ऊबदार' जमत नाहीये

वाचनवेडी
एका इंग्रजी कादंबरीमालेचा अनुवाद करते आहे. समुद्रकाठचं लहान गाव, निवृत्त शिक्षिका, दर पुस्तकात एक कोडं. खून होतो, पण पडद्याआड. रक्त कुठे दिसत नाही. उलगडा झाला की गाव पुन्हा आपापल्या कामाला लागतं. या प्रकाराला तिकडे 'कोझी मिस्टरी' म्हणतात. मलपृष्ठासाठी मी 'ऊबदार रहस्यकथा' असं लिहिलं आणि काल दुपारी नौपाड्याच्या घरी सासूबाईंना वाचून दाखवलं. पंखा पाचवर होता, तरी त्या पदराने मान पुसत होत्या. म्हणाल्या, "ऊबदार? या उकाड्यात कोण हातात घेईल गं ते पुस्तक?"

तेव्हापासून तो शब्द मला वाचवत नाही. इंग्रजी शब्दामागे थंडी आहे. बाहेर गारठा, आत शेकोटी, म्हणून ऊब हवीशी. ठाण्यात जिवाला बरं वाटतं ते सावलीत. मग आपला शब्द कोणता? शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

जुनी पोथी
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. 'ऊब' आपल्याकडे दुतोंडी आहे. आईच्या कुशीची ऊब चांगली. पण जुलैत दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळले नाहीत की 'उबतात', त्यांना उबट वास मारतो. नीट न वाळवता भरलेलं धान्य कणगीत उबतं. कोकणपट्टीत राहणाऱ्या माणसाच्या नाकात हा दुसरा अर्थ आधी शिरतो. देशावरच्या वाचकाला 'ऊबदार' चालेलही, तिकडे गोधडी लागते.

खाडीपलीकडे
पण 'कोझी' मुळात चहाच्या किटलीवर घालतात त्या कापडी टोपड्यावरून आलाय ना? माझ्या आजीकडे होतं, निळ्या कापसाचं, कडेला शिवण उसवलेलं. ती त्याला 'टीकोझी'च म्हणायची. मग 'चहाच्या वेळची रहस्यकथा' म्हणा.

जुनी पोथी
उलटं आहे. विशेषण आधी आलं, स्कॉटलंडच्या बोलीतून अठराव्या शतकात. टोपड्याला त्यावरून नाव मिळालं. आणि कथांना हे लेबल तर फारच उशिरा लागलं. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आली, तेव्हा त्या पुस्तकाला कुणी 'कोझी' म्हणत नव्हतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते नाव रुजलं. गोष्ट आधी, नाव मागून. तेव्हा आपणही नावासाठी इतकी घाई करू नये.

वाचनवेडी
मला मात्र शुक्रवारपर्यंत घाई आहे :)

पाळीवरचा
'निवांत' का नाही? 'निवांत रहस्यकथा'. मूळ संस्कृत 'निवात', म्हणजे जिथे वारा लागत नाही अशी जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे, 'यथा दीपो निवातस्थो नेङ्गते', वारा नसलेल्या जागी दिव्याची ज्योत हलत नाही तसं. आडोसा हा अर्थ आपोआप आला. आणि 'निवणे' पाहा. भात निवतो, दूध निवतं, जीव निवतो. इंग्रजाला ऊब मिळाली की बरं वाटतं, आपला जीव निवला की बरं वाटतं. निवांत, निवणे, निवारा, निवाडा, सगळे एका घरचे.

जुनी पोथी
एका घरचे नाहीत, शेजारी राहतात फार तर. निवारा हा निवारण्यातून, निवाडा निवडण्यातून. 'निवणे'चं नातं निर्वाणाशी लावतात, म्हणजे विझणं, शांत होणं. आवाज जुळला की सोयरीक जुळत नाही. अशा व्युत्पत्त्यांनीच मराठीचं नुकसान होतं.

पाळीवरचा
मान्य, निवाडा माझा ओढूनताणून होता. पण बोलणाऱ्याच्या कानात निवांत आणि निवणे एकमेकांना चिकटलेले आहेत, हे तुम्ही नाकारू शकत नाही. शब्द कोशात जन्मतो, पण जगतो तोंडात.

सेक्टर पंधरा
माझी हरकत दुसऱ्या अर्ध्याला आहे. 'रहस्यकथा' म्हटलं की मला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आठवतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, तिथल्या खिडकीवर उभं राहून वडील ती पुस्तकं घ्यायचे. त्या शब्दाला पिस्तूल आणि मुखवटा चिकटलेला आहे. त्याच्या मागे 'निवांत' लावलं तर दोघेही अवघडतील. 'गूढकथा' म्हणावं तर वाचक भुताची वाट बघत बसेल. आणि 'मालिका' तर नकोच, ती आता टीव्हीने नेली. 'माला' म्हणा.

चेंदणीची लेक
मी इथे क्वचित लिहिते, पण आज राहवलं नाही. तुम्ही सगळे हवेबद्दल बोलताय. मला वाटतं, या कथांचा जीव बोभाटा न होण्यात आहे.

जांभळी नाक्याजवळच्या आमच्या जुन्या चाळीत एक आत्या होत्या, सगळ्यांच्याच आत्या. एका एप्रिलात गच्चीवर वाळत घातलेले पोह्याचे पापड रोज पाच-सहा कमी व्हायला लागले. सगळे म्हणाले कावळे. आत्या भर उन्हात वर गेल्या आणि धोतराच्या चार कोपऱ्यांवरचे दगड बघून आल्या. चारही जागच्या जागी. म्हणाल्या, कावळा दगड परत ठेवत नाही. पुढे त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पापडाच्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून वाटीत घेतल्या आणि सरळ तळमजल्यावरच्या एका घरी गेल्या. त्या घरातला मुलगा आईच्या आजारपणात दुपारचा उपाशी असायचा. महिनाभर रोज वाटी गेली, पापड कमी व्हायचे थांबले. चाळीला कावळ्यांचीच गोष्ट माहीत राहिली. मला आत्यांनी सांगितलं ते वीस वर्षांनी, तेही नाव न घेता.

याला तुम्ही काय म्हणाल? मला 'कानोसा' हा शब्द सुचतो. कानोसा घेणारी बाई. 'कानोसाकथा'.

वाचनवेडी
दोनदा वाचलं. माझ्या पुस्तकातली शिक्षिका अगदी हेच करते, ती गावाची अब्रू राखते. 'कानोसाकथा' नवीन आहे, संपादक 'हे काय' म्हणतील, पण मी सुचवून बघणार आहे.

जुनी पोथी
घडवलेले शब्द टिकत नाहीत. 'चौकस' आहे की आपल्याकडे. 'चौकस बाईच्या कथा'. साधं, सरळ.

सेक्टर पंधरा
'चौकस' छान होता, पण 'चौकशी' पोलिसांच्या आणि खात्याच्या ताब्यात गेली, तिची सावली पडते. बाकी, गावाचा ठसा ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आम्ही नेरुळला सेक्टरच्या आकड्यांत राहतो. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. लोक म्हणतात नवी मुंबईला गावपण नाही, इथे कसली अशी कथा घडणार? पण आकड्यांच्या खाली दिवाळे, सारसोळे, करावे ही नावं आहेत. स्टेशनच्या पाटीवर 'सीवूड्स'च्या शेजारी 'दारावे' टिकून आहे. इथली चौकस बाई आगरी आजी असणार, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेली. कोण खाडीत कधी उतरलं असेल हे ती घड्याळ न बघता सांगेल.

खाडीपलीकडे
ही कथा कुणीतरी लिहा! आणि ठाण्यातली घडली तर तलावपाळीवर घडावी. संध्याकाळी सगळं गाव तिथे असतं, कोण कुणाबरोबर फिरत होतं हे लपतच नाही.

पाळीवरचा
तलावपाळी'वर' नाही, तलावपाळी'ला'. आम्ही लहानपणापासून "पाळीला जाऊन येतो" म्हणतो.

जुनी पोथी
पाळ म्हणजे तळ्याचा बांध, काठ. बांधावर उभं राहतात, बांधाला नाही. म्हणून 'वर'च बरोबर. कानाची पाळी म्हणतो तीही कड याच अर्थाने.

पाळीवरचा
मग तुम्ही स्वतः "स्टेशनला जातो" म्हणता की "स्टेशनवर"? नेहमीच्या जागेला 'ला' लागतो. मासुंदा तलावाच्या काठी आता बांध राहिलाय कुठे, ते ठिकाणाचं नाव झालंय.

चेंदणीची लेक
आमच्या घरात दोन्ही होतं. फिरायला जायचं ते 'पाळीला', भेटायचं ठरलं की 'पाळीवर'. आत्या मात्र नुसतं 'तळ्यावर' म्हणायच्या.

जुनी पोथी
हे तिसरंच. 'तळ्यावर' म्हणणारे अजून कोण आहेत ठाण्यात? कोणत्या भागातले?

वाचनवेडी
सासूबाई 'तळ्यावर' म्हणतात, माहेर उथळसरचं. माझा शब्द अजून अडलेलाच आहे, पण हे त्यांना आज रात्री नीट विचारून लिहिते.