आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या: हार्टला खरंच धोका की नुसता फॉरवर्ड?

पावसची_लेक
नमस्कार मंडळी. आई 69 ची, पावसजवळ गावी एकटी असते, मी रत्नागिरीत. मागच्या श्रावणात चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं त्यावरून घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाडवाल्या डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं, तेव्हापासून चालू आहे. आता मुंबईच्या भावाने फॅमिली ग्रुपवर टाकलंय की कॅल्शियमच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या बायकांना हार्ट अटॅक येतो, नसांत चुना साठतो. झालं, आईने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या, वर मलाच विचारते "मी काय पानाला चुना लावून खात्ये काय?" बीपीची गोळी चालू आहे, थायरॉईडचीही आहे, हार्टचा त्रास अजून तरी काही नाही. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज, भावाशी भांडून झालंय माझं.

सुकट_भाकरी
अहो बंदच करा त्या गोळ्या. आमची आजी 91 वर्षं जगली, कॅल्शियमची गोळी तोंडात घातली नाही कधी, नाचणीची भाकरी आणि भाजलेली सुकट. काट्यासकट मांदेली चावून खायची. हल्ली काय झालंय दूध नको मासे नको, गोळी द्या.

चिपळूणची_फार्मासिस्ट
ताई, तुमच्या भावाने टाकलंय ते अगदी हवेतलं नाही, पण अर्धंच आहे. 2008 मध्ये न्यूझीलंडचा एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, पाळी गेलेल्या 1471 बायका, निम्म्यांना रोज 1 ग्रॅम कॅल्शियम 5 वर्षं, त्यात गोळीवाल्या बायकांत हार्ट अटॅक जास्त दिसले. 2010 ला त्याच लोकांनी बऱ्याच ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तर नुसतं कॅल्शियम घेणाऱ्यांत धोका साधारण 30 टक्क्यांनी जास्त निघाला. आता 30 टक्के म्हणजे शंभरातल्या तीस जणींना अटॅक असं नाही हां, मुळात जो काही धोका असेल त्याच्यावर तीस टक्के, फॉरवर्डवाले हे कधी सांगत नाहीत. उलट बाजूला अमेरिकेतली मोठी ट्रायल आहे, 36,282 बायका, 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि थोडं व्हिटॅमिन डी, सरासरी 7 वर्षं, त्यात हार्टवर फरक दिसला नाही, मुतखडे मात्र 17 टक्क्यांनी वाढले. मग 2016 मध्ये तिकडच्या हाडांच्या आणि हार्टच्या संस्थांनी मिळून सांगितलं की जेवण आणि गोळी धरून दिवसाला 2000-2500 मिलिग्रॅमच्या आत असेल तर तब्येत चांगली असणाऱ्यांना हार्टची भीती धरायचं कारण नाही. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

नसांत चुना म्हणतात तेही गिझरच्या कॉइलवर क्षार बसतात तसं सरळ नसतं. एक शंका अशी आहे की मोठी गोळी एकदम घेतली की काही तास रक्तातलं कॅल्शियम चढतं, जेवणातून येतं ते सावकाश येतं. म्हणून पहिलं ताटात काय आहे ते मोजा. आपल्याकडे पाळी गेलेल्या बाईला रोज 1200 मिलिग्रॅम हवं असं धरतात. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, एक कप दुधात सव्वादोनशे वगैरे, सुकट-जवळा हे वर. कमी पडेल तेवढंच गोळीने भरायचं.

आणि आईच्या घरात गोळ्यांचा जो काही डबा असेल तो एकदा खाली ओता. दुकानात रोज बघते, तिघा डॉक्टरांची तीन कॅल्शियमं निघतात, ब्रँड वेगळा म्हणून कोणाला कळत नाही.

देवगडकर_अण्णा
नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही पण, दुधातलं जास्त लागतं. माझ्या बहिणीने असंच कुठेतरी वाचून सगळं सोडलं होतं, हाडांची आठवड्याला एकदा घ्यायची गोळीसुद्धा, कारण तिला वाटलं तीही कॅल्शियमचीच. दोन वर्षांनी न्हाणीत पडली, खुबा गेला, तेव्हापासून पडवीतल्या खाटेवर. हार्ट हार्ट करताना हे विसरू नका. नुसतं घसरून 69 व्या वर्षी मनगट मोडलं म्हणजे हाडं विरळ झाली असणार, डेक्सा, म्हणजे हाडं किती विरळ झालीत ते बघायचा स्कॅन, केलीय का? नसेल तर पहिली ती करा, एकट्या कॅल्शियमने विरळ हाड भरत नाही.

पावसची_लेक
डेक्सा नाही केली, कोणी सांगितलीच नाही. काल रविवारी गावी जाऊन आले आणि फार्मासिस्ट ताई म्हणाल्या तसा डबा, म्हणजे बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, खाटेवर ओतला. दोन कॅल्शियम निघाली, एक हाडवाल्यांचं आणि एक गावातल्या डॉक्टरांनी "पाय दुखतात" म्हणून दिलेलं, दोन्हीवर 500 लिहिलंय. वर 60,000 युनिटची व्हिटॅमिन डी ची पावडर, ती आठ आठवडेच घ्यायची होती, आई दर सोमवारी घेत्येय, वर्ष होत आलं. मेडिकलवाला देतो म्हणे मागितली की. आणि कॅल्शियम बंद करेपर्यंत सकाळी थायरॉईडची गोळी, बीपीची, कॅल्शियम सगळं एका घोटात चहाबरोबर 😐

चिपळूणची_फार्मासिस्ट
बाप रे. थायरॉईडची उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी तरी, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट अंगी लागत नाही. बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी एच किंवा सीटी आहे का बघा, असेल तर बहुतेक त्यात लघवी वाढवणारं औषध आहे, ते कॅल्शियम शरीरातून बाहेर जाऊ देत नाही. पावडर आजपासून बंद, आणि डॉक्टरांकडे स्ट्रिपा घेऊनच जा, रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), व्हिटॅमिन डी आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) करायला सांगा. रक्तात कॅल्शियम जास्त झालं की होतं तसं तहान फार लागणं, पोट साफ न होणं, मरगळ असलं काही आहे का?

पावसची_लेक
एच आहे शेवटी. आणि पोट साफ होत नाही म्हणून ती रोज रात्री इसबगोल घेते, आम्ही म्हातारपण समजत होतो!

(चार दिवसांनी) रिपोर्ट आले. कॅल्शियम 10.9, लॅबची वरची हद्द 10.5. डॉक्टरांनी पावडर बंद ठेवली, दोन्ही कॅल्शियमही तूर्त बंदच, बीपीची गोळी बदलली, तीन आठवड्यांनी परत रक्त. मग ताटातलं मोजून ठरवू म्हणाले. डेक्साची चिठ्ठीही दिली. भावाला सांगितलं तर म्हणतो बघ मी सांगत होतो. आई खूश, सुकट आणायला सांगितलीय. पायरीचं शेवाळ पाऊस उघडला की घासून घेते.

देवगडकर_अण्णा
उघडायची वाट कसली बघता, अजून महिनाभर पडेल. आजच ब्लिचिंग पावडर मारा आणि भिंतीला हाताला धरायला पाईप ठोकून घ्या.