सायकल आणि पायपीट सलग दोन दिवस : उतरतानाच पाय का गळाले?

प्रश्न

गेल्या शनिवारी डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सुमारे ३५ किलोमीटर माउंटन बाइक चालवली. त्यात एकूण १,१०० मीटरचा चढ होता. रविवारी १४ किलोमीटरचा पायी फेरा केला, म्हणजे ९०० मीटर चढून तितकेच उतरायचे होते. माथ्यावर पोहोचेपर्यंत दम फारसा लागला नाही, पण उतार सुरू झाल्यावर अर्ध्या तासात मांड्या थरथरू लागल्या आणि घसाऱ्यावर पाऊल टाकताना गुडघ्याचा भरवसा वाटेना. बुटाची नाडी सुटली, तर ती बांधायला बोटे वळेनात. शेवटी मित्राने बांधून दिली. सोमवारी त्रास बेताचा होता. मंगळवारी मात्र कठडा धरून, पाठमोरे होऊन, एकेक पायरी करत जिना उतरावा लागला. आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवूनही असे का व्हावे? तीन आठवड्यांनी पुन्हा हाच बेत आहे आणि तो सोडण्याची इच्छा नाही. क्रम बदलावा का? दुसऱ्या दिवशी सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन निघालो तर चालेल का?

प्रतिसाद १

पॅडल दाबताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर चालताना तोच स्नायू शरीराचा भार झेलत, गुडघा एकदम मुडपू न देता, ताणला जात असतो. असे ताणले जात असताना जोर लावावा लागला की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, आणि सायकल कितीही चालवली तरी या कामाचा सराव होत नाही. हे दुखणे साधारण १२ ते २४ तासांनी जाणवू लागते आणि एक ते तीन दिवसांच्या दरम्यान सर्वाधिक असते; म्हणूनच आपला मंगळवार सोमवारपेक्षा वाईट गेला. लॅक्टिक ॲसिड साचून पाय दुखतात हा समज अजूनही पुष्कळ ऐकू येतो, पण व्यायाम थांबल्यावर ते तास-दीड तासात रक्तातून निवळते, त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही.

दिलासा इतकाच की असा एक उतार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला अधिक तयार असतो. दुखणे पूर्ण थांबल्यावर आठवड्यातून दोनदा मुद्दाम टेकडी किंवा जिना उतरत जा. सुरुवात मात्र थोडक्यात करा.

प्रतिसाद २

बोटांचे कारण शनिवारच्या उतारात असावे. अनेक जण संपूर्ण उतारभर ब्रेक अर्धवट दाबून ठेवतात आणि हँडल आवळून धरतात, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात. ब्रेकच्या दांड्याच्या टोकाशी एकच बोट ठेवा, वळणाच्या आधी नीट दाबून वेग कमी करा आणि मग सोडून द्या. सीट खाली घ्या, टाचा किंचित खाली झुकवा आणि वजन तळव्यांवर येऊ द्या. हातांनी फक्त दिशा द्यायची असते.

क्रम बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुखऱ्या पायांनी पॅडल मारणे जमते, परंतु थकलेल्या शरीराने खडकाळ उतारावर वेगात सायकल हाकणे हे थकून चालण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. क्रम तोच ठेवून शनिवारचे अंतर कमी करा. वेळेचा अंदाज स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमाने काढता येतो : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या रविवारचे त्यानुसार सुमारे सव्वाचार तास होतात, पण त्यात विश्रांती नाही आणि आदल्या दिवसाचा थकवाही नाही. मी असल्या दिवशी दोन तास जास्त धरतो.

प्रतिसाद ३

शनिवारी संध्याकाळी आपण काय खाल्ले, हे आपण लिहिलेले नाही. स्नायूंमधला ग्लायकोजनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा इतक्या श्रमाने बराच रिकामा होतो आणि भरपूर पिष्टमय आहार घेतला तरी तो पूर्ण भरायला साधारण एक दिवस लागतो, त्यामुळे रविवारची सुरुवात अर्ध्या साठ्यावर होते. सायकलवरून उतरल्यावर तासाभरात जेवा, आणि दोन्ही दिवस वाटेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्या. भूक लागण्याची वाट पाहू नका.

गोळीबद्दल मात्र कळकळीने सांगतो : आयबुप्रोफेनसारखे औषध घेऊन, घाम गाळत, पाणी कमी पडलेल्या शरीराने दिवसभर चालू नका, त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. शिवाय वेदना दबली की कुठे थांबायचे तेच कळत नाही. दुखण्यासोबत स्नायू सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. लघवीचा रंग नेहमीसारखाच होता. शनिवारी रात्री मात्र दमून न जेवताच झोपलो होतो, हे कबूल करतो. पुढच्या वेळी शनिवारचा पल्ला २० किलोमीटरवर आणतो, गोळी घरीच ठेवतो आणि रविवारी उतरताना गुडघ्यांवरचा भार हलका व्हावा म्हणून दोन काठ्या घेतो. उतरताना काठ्यांची लांबी चढतानापेक्षा थोडी वाढवावी लागते ना?

प्रतिसाद २

होय, पाच ते दहा सेंटीमीटर वाढवा, आणि काठी पावलाच्या आधी खाली टेकवा.