जॉन स्नो भूलवाला की कॉलरावाला?

एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स) सरांनी जॉन स्नो वाचायला सांगितलाय, पण १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात भुलीसाठी क्लोरोफॉर्म देणारा पण हाच का?

– हो, एकच माणूस. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलला डॉक्टरच्या हाताखाली शिकायला लागला, तिथेच खाणकामगारांचा कॉलरा जवळून बघितला.

– १८५४ ची लंडनच्या सोहो भागातली कॉलऱ्याची साथ वाचच, तिथल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी आवडतं म्हणून लांब हॅम्पस्टेडला एक बाई ते मुद्दाम मागवायची, ती गेली आणि पाहुणी आलेली भाचीपण, अन् पंपाशेजारच्या ब्रुअरीतले (बिअरच्या कारखान्यातले) कामगार वाचले, कारण ते पंपाचं पाणी प्यायचेच नाहीत! हे सगळं त्याने विचारून विचारून काढलं.

– कोणी ते पाणी पिऊ नये म्हणून पंपाची दांडी काढली तोवर साथ ओसरतच होती हां. मला त्याचं दोन पाणी कंपन्यांच्या गिऱ्हाइकांमधल्या कॉलऱ्याची तुलना केलेलं काम जास्त भारी वाटतं. १८५८ ला गेला, फक्त ४५ वर्षांचा, फार वाईट वाटतं.